कोल्हापुरात राहून पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.: ज्यांनी केले, त्यांनी लिहावे

सागरमाळ (धागाकर्ती)

पदवीचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो: मुलीला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला पाठवावे, की इथेच शिवाजी विद्यापीठात प्रवेश घ्यावा? उत्तर देणारे बहुतेक जण लगेच मानांकनाकडे वळतात. विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची, कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे, २०२१ मध्ये नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन संस्थेची ए प्लस प्लस श्रेणी मिळालेली, हे सगळे खरे आहे. परंतु तुम्ही लिहिलेले प्रकरण कोण वाचणार, वाचून कधी परत देणार आणि मधल्या काळात तुमच्या खोलीचे भाडे कोण भरणार, यांपैकी कशाचेही उत्तर त्या श्रेणीत सापडत नाही. ती उत्तरे आधी शिकून गेलेल्यांकडेच असतात, म्हणून हा धागा काढत आहे. विद्यापीठांची तुलना इथे नको. आपण काय शिकलात, कशावर अडलात आणि पैशांची व्यवस्था कशी लावलीत, एवढेच लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. माझा विषय इतिहास. एम.ए. आणि पीएच.डी. दोन्ही इथेच केले, आणि त्याचे कारण गावाची माया नसून दप्तर हे होते. कोल्हापूर संस्थानचे कागद इथल्या पुरालेखागारात आहेत, आणि ते वाचायचे तर मोडी यावी लागते. छापील तक्त्यावरून मोडीची मुळाक्षरे महिन्याभरात ओळखू येतात. खरी अडचण दप्तरातला कागद समोर आल्यावर सुरू होते. लेखकाने आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या असतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे खाली उतरवलेली असतात. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे अर्थ लागल्याशिवाय कळत नाही आणि शब्द सुटा झाल्याशिवाय अर्थ लागत नाही. हे कौशल्य वर्गात बसून येत नाही. शेजारी जाणता माणूस बसलेला असावा लागतो, आणि मला तो मिळाला तो या गावात राहिल्यामुळेच.

सांगायचा मुद्दा असा की, विद्यापीठ निवडण्याआधी आपल्या विषयाची सामग्री कुठे आहे ते पाहावे. माझी पुण्याला गेलेली मैत्रीण कोल्हापूरच्याच विषयावर काम करत होती. प्रत्येक सुट्टीत ती माझ्या खोलीवर मुक्कामाला असे.

पातळथर

मी विज्ञान शाखेचा, भौतिकशास्त्राचा. पातळ थरांचे पदार्थविज्ञान हा या विद्यापीठातला जुना आणि मुरलेला विषय आहे, वायुसंवेदकांपासून (गॅस सेन्सर) महाधारित्रांपर्यंत (सुपरकपॅसिटर) त्याच्या अनेक शाखा झाल्या आहेत, हे या क्षेत्रातल्या लोकांना सांगावे लागत नाही. बाहेरच्यांना मात्र प्रयोगशाळेतले शिक्षण कसे होते याची कल्पना नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फवारणी पद्धतीने थर बसवायचा म्हणजे काचपट्टी आधी आम्लात उकळून, ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, हात न लावता वाळवायची. मग ती तापवलेल्या पत्र्यावर ठेवून त्यावर दाबाच्या हवेने द्रावण फवारायचे. शोधनिबंधात हे दोन ओळींत लिहिलेले असते. प्रत्यक्षात फवाऱ्याचे तोंड आणि काचपट्टी यांच्यातले अंतर थोडे चुकले, फवाऱ्याचा वेग वाढला किंवा तापमान मध्येच उतरले, की थर पांढुरका आणि भुकटीसारखा बसतो व बोट लावताच निघून येतो. वीज किती वेळ टिकेल याचा अंदाज घेऊन प्रयोग लावायचा, हेही आम्ही शिकलो. यातले काहीच मार्गदर्शक शिकवत नाहीत आणि त्यांनी शिकवावे अशी अपेक्षाही नसते. हे शिकवतो तो आपल्या आधी दोन वर्षे नोंदणी झालेला सीनियर. म्हणून एम.एस्सी.च्या मुलांना माझे सांगणे असे की, मार्गदर्शकाचे नाव आणि त्यांच्या शोधनिबंधांची यादी पाहिलीत तरी त्यांच्या प्रयोगशाळेत या घडीला कोण कोण काम करते, ते सायंकाळी किती वाजेपर्यंत थांबतात आणि नवख्याशी कसे बोलतात, हे स्वतः जाऊन पाहा. जिथे सीनियर नाही तिथे पहिले वर्ष चाचपडण्यात जाते.

दुसरी गोष्ट नमुन्यांच्या तपासणीची. क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ही यंत्रे सामायिक सुविधा केंद्रात असतात, सगळ्या विभागांचे आणि बाहेरच्या महाविद्यालयांचेही नमुने तिथे येतात, त्यामुळे नंबर लावावा लागतो. नंबर येईपर्यंत मोकळे बसण्यापेक्षा आधीच्या नमुन्यांच्या आलेखांवर लिहून काढावे. आमच्याकडे ज्यांनी ही सवय लावून घेतली, त्यांचे प्रबंध वेळेत गेले.

पैशांबद्दल लिहायला हवे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी ती ४२,००० होते. ती असेल तर कोल्हापुरात माणूस व्यवस्थित राहतो, घरीही काही पाठवतो. ती नसेल तर त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर, तेवढेच तास काम करणाऱ्या माणसाचे आयुष्य निराळे असते. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा आधार मोठा आहे, परंतु कोणतीही अधिछात्रवृत्ती पगारासारखी एक तारखेला खात्यावर येईल असे गृहीत धरून खोली घेऊ नये.

शिरोळची लेक

वरचे दोन्ही अनुभव विद्यापीठात मुक्काम असणाऱ्यांचे आहेत. मी शिरोळ तालुक्यातून रोज ये-जा करून एम.ए. अर्थशास्त्र केले, आणि माझ्यासारख्या मुली प्रत्येक वर्गात आहेत.

सकाळी एस.टी.ने जयसिंगपूर, तिथून कोल्हापूर, मध्यवर्ती बसस्थानकावरून के.एम.टी.च्या शहर बसने विद्यापीठ, असा प्रवास करणाऱ्या मुलीला पहिला तास मिळतो. शेवटचा मिळेलच असे नाही. तासांपेक्षाही मोठे नुकसान ग्रंथालयाचे होते. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हे या विद्यापीठाचे खरे वैभव आहे, आणि तिथे बसण्याची खरी वेळ सायंकाळची, नेमकी आमची गाडी असते तेव्हाची. मी घरी भांडून दुसऱ्या वर्षी वसतिगृहासाठी अर्ज केला. भांडून हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे, कारण आमच्याकडे मुलीच्या शिक्षणाला विरोध नसतो, तिच्या मुक्कामाला असतो. एसटीचा सवलतीचा पास निघतो, मग वसतिगृहाचा खर्च कशाला, असा हिशेब मांडला जातो आणि तो वरवर बिनतोड वाटतो.

पावसाळ्याचेही सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोली परिसरात महामार्गावरच पाणी आले आणि वाहतूक बंद राहिली. २०२१ च्या जुलैतही रस्ते पाण्याखाली गेले. शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतल्या नदीकाठच्या विद्यार्थ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये चाचणी किंवा सादरीकरण असेल तर पाण्याची पातळी पाहून आधीच शहरात नातेवाइकांकडे यावे. घरात पाणी शिरण्याची भीती असेल तर मूळ गुणपत्रिका, जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला पहिल्यांदा हलवावा, धान्य नंतर. धान्य मागून मिळते. दाखल्यांच्या दुसऱ्या प्रती काढण्यात शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते.

शिष्यवृत्तीवरून आठवले. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरला म्हणजे काम झाले असे समजू नये. पदवीच्या शेवटच्या वर्षी माझा अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावर कित्येक महिने पडून होता आणि संबंधित लिपिक दर वेळी ‘वरून आले नाही’ असे सांगत. अर्जाची स्थिती आपल्याला आपल्याच खात्यातून दिसते, ती छापून नेल्यावर दुसऱ्या दिवशी अर्ज पुढे गेला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ताही आहे. आपला अभ्यासक्रम त्यांत बसतो का, हे प्रवेश घेण्याआधीच पाहावे.

जुना राजारामीय

शिरोळच्या ताईंचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. मुक्कामाची सोय झाली की शिक्षण होते, हे या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. दसरा चौकाच्या परिसरात त्यांतल्या काही इमारती आजही दिसतात. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे अभ्यासक, आणि त्यांच्या काळापासून इथे ‘कमवा व शिका’ योजनेला मान राहिला. आमच्या वेळी सोलापूरची मुलेही इथेच येत. २००४ मध्ये तिथे स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्या मुलांपैकी अनेक जण सकाळी ठरलेले तास काम करून मग वर्गात येत, आणि वर्गात पहिल्या बाकावर तीच असत. आता मुले या योजनेला कमीपणा समजतात की काय, अशी शंका येते.

शिरोळची लेक

काका, कमीपणा कुणी समजत नाही. काम करायला मुली तयार आहेत. सत्र पद्धतीत अंतर्गत चाचण्या, सादरीकरणे आणि प्रकल्प यांतून तेवढे तास काढणे अवघड झाले आहे, इतकेच.

गडहिंग्लजकर

धागा उपयोगी आहे. मी अनुदानित हायस्कूलवर शिक्षक आहे, वय चाळिशीच्या पुढे. नोकरी सांभाळून पीएच.डी. करावी असे मनात आहे. एम.फिल. करून मग पीएच.डी. असा सल्ला मला एका सहकाऱ्याने दिला. नियम नेमके काय आहेत, हे कोणी सांगेल का? आणि शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध घेतच नाहीत, हे खरे का?

सागरमाळ

सर, एम.फिल. आता विसरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम काढले, त्यांत एम.फिल. बंद झाली. तुमच्या कामाचे तेवढे लिहिते.

पीएच.डी.चा किमान कालावधी ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे; त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना याशिवाय २ वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती वा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ही शेवटची तरतूद अनेक मुलींना ठाऊकच नसते. त्या नोंदणी सोडून देतात. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, परंतु नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तुम्हाला संशोधनासाठी वेळ दिला जाईल असे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, किमान १२ श्रेयांकांचे असते आणि ते अर्धवेळवाल्यांनाही चुकत नाही, तेव्हा ते कोणत्या दिवशी आहे हे पाहूनच मुख्याध्यापकांशी बोलावे.

शोधनिबंधाची सक्ती आयोगाच्या या विनियमांत राहिलेली नाही. तरीही विद्यापीठाचे स्वतःचे अध्यादेश आणि अधिछात्रवृत्तीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून नोंदणीच्या वर्षी लागू असलेली प्रत विभागातून घेऊन फाईलला लावून ठेवावी. सक्ती नाही म्हणून लिहूच नये, असा अर्थ मात्र काढू नका. आणि पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा; मौखिकीला बसलेला परीक्षक ती नावे ओळखतो.

मार्गदर्शकाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे ‘सर हो म्हणाले’ याला जागा रिक्त असेल तरच अर्थ आहे. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आपल्या भागात नावाजलेले मार्गदर्शक म्हणजे बहुधा ज्येष्ठ मार्गदर्शक, तेव्हा त्यांच्या निवृत्तीचे वर्ष विचारायला लाजू नये. हा प्रश्न उद्धट वाटतो, पण समजूतदार प्राध्यापक स्वतःच सांगतात.

तासिकावाला

सगळे नियम आणि वसतिगृहे झाली. आता पुढचे कोणी लिहिणार आहे का?

मी नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झालेली आहे, आणि आज एका महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर शिकवतो. संस्थेचे नाव लिहीत नाही. तासिकेवर म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षांचे दिवस यांचे काहीही नाही, आणि झालेल्या तासांचे बिलही महिनोन्‌महिने निघत नाही. वर्गात मी ‘सर’ असतो, आणि जूनमध्ये माझा आदेश पुन्हा निघेल की नाही हे मलाच माहीत नसते. माझ्या वर्गातले जे एम.ए. नंतर थेट स्पर्धा परीक्षेकडे किंवा बँकेकडे वळले, त्यांची घरे उभी राहिली.

पीएच.डी. करू नये असे मी म्हणत नाही. केलेल्या कामाचा मला पश्चात्ताप नाही. परंतु प्राध्यापक होण्यासाठी म्हणून कोणी करत असेल तर त्याने हे लक्षात घ्यावे की, १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट किंवा सेट (तशीच राज्यस्तरीय परीक्षा) ही किमान अर्हता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. तेव्हा सेट-नेट आधी. ती परीक्षा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच देता येते, अभ्यास ताजा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रबंधात गुंतल्यावर पहिल्या पेपरातल्या तर्क आणि आकडेमोडीच्या प्रश्नांकडे परत वळणे फार जड जाते. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाचीही सोय झाली आहे, त्यामुळे एकाच तयारीत दोन्ही कामे होतात. मात्र जेआरएफ नसणाऱ्यांसाठी ते गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात, हे विसरू नये.

पातळथर

तासिकावाले सर, आपले म्हणणे शब्दशः मान्य. विज्ञानात एवढाच फरक आहे की बाहेर पडायची दारे थोडी अधिक आहेत. आमच्या प्रयोगशाळेतली बरीच मुले पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, कोरियाला गेली. पण तिकडून परतल्यावर पुन्हा तासिकेचाच प्रश्न उभा राहतो, हेही खरे.

वेदगंगा

मी मराठीत प्रबंध लिहीत आहे. कोणी लिहिले नाही म्हणून तांत्रिक अडचण नोंदवते. आमच्यापैकी अनेकांनी पहिली प्रकरणे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेखकाकडून करून घेतली. साम्य-तपासणीच्या वेळी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे संगणकावर पाहताना, ती फाईल संगणकाला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसते, आणि रूपांतर केले की जोडाक्षरे व रफार तुटतात. दोनशे पानांतले रफार हाताने दुरुस्त करणे म्हणजे तांदळातले खडे वेचणे. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये स्वतः टंकलेखन करावे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्यावर कारवाई होत नाही. साहित्याच्या प्रबंधात मूळ कवितांची अवतरणे बरीच येतात, ती अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह असतील तर तपासणीतून वगळली जातात. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जरूर पाहावे, आणि जुन्या प्रबंधांसाठी ग्रंथालयातच जावे, कारण सगळे काही तिथे चढवलेले नसते.

दूधगंगाकाठ

नमस्कार. मी कागल तालुक्यातला, एम.ए. अर्थशास्त्र भाग १ ला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यानुसार आम्हाला पहिल्या सत्रात संशोधनपद्धती आहे आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प. मला गुऱ्हाळघरांवर काम करायचे आहे, पण ‘फार झालेला विषय आहे’ असे वर्गमित्र म्हणतात. पुढे यावरच पीएच.डी. करता येईल असा विषय कसा धरावा?

शिरोळची लेक

भावा, विषय झालेला असेल, पण तुझ्या गावातले गुऱ्हाळ या वर्षी का बंद पडले हे कोणी लिहिलेले नसेल. फक्त हंगाम सांभाळ. गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागला की थांबतात. तुझे तिसरे सत्र पावसाळ्यातले, तेव्हा चुलवाण थंड असेल आणि गुळव्या दुसऱ्या कामाला गेलेला असेल. म्हणून तिसऱ्या सत्रात पूर्वीचे संशोधन आणि प्रश्नावली पुरी कर, मालकांच्या भेटी घेऊन ठेव, आणि पाहणी चौथ्या सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत उरक. नाहीतर परीक्षा आणि पाहणी एकाच वेळी येतील.

सागरमाळ

यात माझी एक भर. गुऱ्हाळमालकाला नफा-तोटा विचारला तर तो तोटाच सांगेल. त्याऐवजी एका काहिलीला (रस आटवायच्या मोठ्या कढईला) रस किती लागतो, त्यातून गुळाचे रवे (ढेपा) किती उतरतात, जळण चिपाडावर भागते की विकत घ्यावे लागते, कामगारांना उचल किती दिली आणि मार्केट यार्डात त्या आठवड्यात सौदा काय दराने निघाला, असे सुटे प्रश्न विचार. हिशेब तू घरी येऊन मांड. उसाला साखर कारखान्याकडून मिळालेला दर त्याच शेतकऱ्याला विचारून शेजारच्या रकान्यात लिही. त्या दोन रकान्यांतले अंतर दोन-तीन हंगाम नोंदवलेस की पीएच.डी.चा आराखडा मांडायला सामग्री तयार असेल. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा झाला की याच धाग्यावर टाक, आम्ही पाहू.